बोगद्यापलीकडचे वळण

२०२५ सालच्या नोव्हेंबरात एका सकाळी आमच्या भाच्याने पुण्याहून वर्तमानपत्रातील एका बातमीचे छायाचित्र पाठवले. नवी मुंबईत पाम बीच रोडवर मोटारींची शर्यत भरवण्याची घोषणा झाली होती. नेरूळच्या तलावाच्या काठाने जाणारा, सुमारे पावणेचार किलोमीटरांचा, चौदा वळणांचा मार्ग आखला होता. सोबत त्याचा नकाशाही होता. छायाचित्राखाली भाच्याने चारच शब्द लिहिले होते : "मामा, आपल्या रस्त्यावर. बघ."

त्या चार शब्दांपैकी 'आपल्या' या शब्दापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. मराठीने प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन घरे केली आहेत. 'आम्ही' म्हटले की समोरचा माणूस उंबऱ्याबाहेर राहतो. 'आपण' म्हटले की तो आत येतो. वाशीच्या एका महाविद्यालयात हा भेद आम्ही तीसेक वर्षे शिकवला. (या लेखातील 'आम्ही' हा मात्र एकटाच इसम आहे. जुन्या निबंधकारांची ती सवय आम्हांला विद्यार्थिदशेत जडली आणि सुटली नाही. असो.) शिकवताना उदाहरणे नेहमीचीच असत : आमचे घर, आपले घर, आमचा देश, आपला देश. पंधरा वर्षांपूर्वी त्याच रस्त्यावर जे घडले त्यानंतर भाच्याने तो रस्ता 'आपला' म्हणावा, हे उदाहरण आमच्या तासाला कधी आले नव्हते.

त्याची हकीकत सांगायची तर एका मोटार-शर्यत संघाची हकीकत सांगावी लागेल. साहित्याच्या अभ्यासकांना हा विषय परका वाटेल. आम्हांलाही तो पहिल्याने परकाच होता.

*

भाचा २००७ च्या जून महिन्यात अकरावीसाठी मिरजेहून आमच्याकडे नेरूळला आला. सोबत एक ट्रंक, एक सायकल आणि फॉर्म्युला वन या खेळाविषयीचे अफाट ज्ञान. रविवारी संध्याकाळी दूरचित्रवाणीवर ती घरघर सुरू झाली की आमच्या पत्नी बाल्कनीत जाऊन बसत आणि आम्ही वर्तमानपत्राआड होत असू. पुढे वर्तमानपत्र खाली आले, त्याचे श्रेय एका नावाला आहे.

७ फेब्रुवारी २००८ रोजी गेटवे ऑफ इंडियापाशी एका शर्यतीच्या गाडीचे अनावरण झाले. संघाचे नाव 'फोर्स इंडिया'. मालक विजय मल्ल्या आणि त्यांचे डच भागीदार. खाडीपलीकडे, आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, समुद्राच्या साक्षीने जगातील सर्वांत वेगवान गाड्यांपैकी एक उभी होती आणि तिच्या नावात 'इंडिया' होते. भाचा त्या दिवशी जेवला नाही असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. जेवला, पण काय जेवला हे त्याला सांगता आले नसते.

नावामागचा इतिहास त्यानेच आम्हांला सांगितला. संघ नवा नव्हता. इंग्लंडात सिल्वरस्टोन येथे असलेली ती कार्यशाळा १९९१ पासून आयरिश मालकाच्या 'जॉर्डन' या नावाने स्पर्धेत होती. २००६ साली ती 'मिडलंड' झाली व रशियाच्या परवान्यावर धावली. मग 'स्पायकर' झाली आणि डच म्हणवली. आणि आता भारतीय. चालक एक जर्मन, एक इटालियन. गाडी जुळवणारे हात बहुतांशी इंग्रज. गंमत अशी की २००५ साली जेव्हा संघ आयरिश नावाचा होता, तेव्हा त्याची पिवळी गाडी मोनॅकोच्या रस्त्यांवर चालवणारा माणूस नारायण कार्तिकेयन होता : फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय. कार्यशाळा तीच, पण भारतीय चालक होता तेव्हा नाव भारतीय नव्हते. आणि नाव भारतीय झाल्यावर पुढील दहा-अकरा वर्षांत एकाही शर्यतीत तिच्या गाडीत भारतीय चालक बसला नाही.

"मग हे आपले कसे?" आम्ही मास्तरी आवाजात विचारले.

"नाव आपलं आहे ना, मामा," तो म्हणाला.

नाव हा किती मोठा ऐवज आहे, हे शिकवण्याचा व्यवसाय आमचा. आणि ते त्याने आम्हांला सांगितले.

*

मोनॅको हे समुद्राकाठचे चिमुकले संस्थान. तेथे १९२९ पासून शहराच्या रस्त्यांवरच शर्यत होते. सुमारे ३.३४ किलोमीटरांची एक फेरी, अशा ७८ फेऱ्या. इतरत्र शर्यतीचे अंतर तीनशे किलोमीटरांच्या वर जाते. येथे ते दोनशे साठच आहे, कारण वेगच त्याहून अधिक परवानगी देत नाही. बांधीव धावपट्टीवर चालकाची चूक झाली तर गाडी बाजूच्या मोकळ्या जागेत जाते आणि पुष्कळदा परत येते. मोनॅकोत बाजूला मोकळी जागा जवळपास नाहीच. लोखंडी कठडा आहे. चूक आणि शिक्षा यांच्यात अवकाश नाही. शोकांतिकेवर व्याख्यान देणाऱ्या माणसाला एवढे पुरेसे होते. आम्ही त्या खेळात ओढले गेलो ते या कठड्यामुळे.

तेथील वळणांना नावे आहेत, आणि हे आम्हांला सर्वांत आवडले. प्रारंभीचे सेंट डेव्हो हे वळण एका छोट्या प्रार्थनामंदिरावरून, ताबाक हे तंबाखूच्या दुकानावरून, रास्कास हे एका उपाहारगृहावरून. कॅसिनोचा चौक, मिराबो, मग साऱ्या हंगामातील सर्वांत मंद वळण, जेथे गाड्या जवळजवळ सायकलीसारख्या वळतात. मग पोर्टियर, आणि तेथून बोगदा. बोगद्यात गाडी अंधाराकडून उजेडाकडे ताशी पावणेतीनशे किलोमीटरांच्या पुढे धावते, आणि बाहेर पडताक्षणी उतारावर ब्रेक दाबून एका अरुंद डाव्या-उजव्या वळणात शिरावे लागते. त्याला शिकेन म्हणतात. या लेखातले जे काही आहे ते त्या वळणाभोवती आहे.

२५ मे २००८, रविवार. आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. नेरूळला अंगातून धारा वाहत होत्या आणि मोनॅकोत पाऊस पडत होता. फोर्स इंडियाचा तोवर त्या हंगामात एकही गुण नव्हता. त्यांचा जर्मन चालक आड्रियान सुटिल जवळपास शेवटच्या रांगेतून निघाला होता. हा मुलगा व्हायोलिनवादकाचा पुत्र, स्वतः उत्तम पियानो वाजवणारा. हे कळल्यापासून आमच्या पत्नीही बाल्कनीतून आत येऊ लागल्या होत्या. ओल्या रस्त्यावर मोठमोठे चालक कठड्याला भिडत होते, आणि हा एकेक जागा वर सरकत होता. दहावा, आठवा, सहावा. मग चौथा. त्या काळी चौथ्या क्रमांकास पाच गुण मिळत. भाचा सोफ्यावरून उतरून जमिनीवर बसला होता, दूरचित्रवाणीपासून हातभर अंतरावर.

मध्येच एक अपघात झाला, सुरक्षा-गाडी आली, साऱ्या गाड्या एकामागे एक गोळा झाल्या. शर्यत पुन्हा सुरू झाली तेव्हा थोड्याच फेऱ्या उरल्या होत्या. सुटिलच्या मागे पाचव्या क्रमांकावर होता आदल्या वर्षीचा जगज्जेता किमी रायकोनेन, फेरारीमध्ये. बोगद्यातून बाहेर येताना रायकोनेनची गाडी ब्रेकखाली डळमळली, ताब्यातून गेली आणि सुटिलच्या गाडीच्या मागच्या बाजूवर आदळली. फेरारी पुढे जाऊन शर्यत पुरी करू शकली. सुटिलची गाडी करू शकली नाही. कार्यकक्षात परतल्यावर तो रडताना दिसला.

आमच्या दिवाणखान्यात कोणी बोलेना. मग भाचा, मागे न वळता, म्हणाला, "आपण चौथे होतो."

त्यापूर्वी त्या संघाला आम्ही 'तुझा संघ' म्हणत असू. त्या संध्याकाळनंतर म्हटले नाही. नावाने जे अर्धे केले होते ते नुकसानीने पुरे केले. विजयात वाटेकरी व्हायला पुढे येणाऱ्यांची मोजदाद नसते. हरलेल्याच्या बाजूला बसणे हे मात्र नाते आहे. त्या दिवशी आम्ही तिघे, सिल्वरस्टोनचे अनोळखी इंग्रज कारागीर आणि एक रडणारा जर्मन पियानोवादक असे सारे मिळून 'आपण' झालो.

*

आता आमचा दोष सांगतो.

पाम बीच रोड आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. वाशीकडून बेलापूरपर्यंत सुमारे नऊ-दहा किलोमीटर, सहा पदरी, एका अंगाला कांदळवन आणि खाडी, दुसऱ्या अंगाला सिडकोने आखलेली उपनगरे. या भागात एवढा लांब, एवढा सरळ, एवढा मोकळा रस्ता दुसरा नव्हता. संध्याकाळी आम्ही भाच्याला घेऊन जुन्या मोटारीतून बेलापूरला फिरायला जात असू, आणि वाटेत एक खेळ खेळत असू : रस्त्याला मोनॅकोची नावे देण्याचा. सानपाड्याकडचा मोराज सर्कल म्हणजे सेंट डेव्हो. सीवूड्सपाशी रस्ता किंचित कलतो, तो ताबाक. किल्ला गावठाणाचा चौक, जिथून बेलापूर सुरू होते, तो रास्कास. आणि नेरूळजवळ एका ठिकाणी दोन्ही बाजूंच्या झाडांमुळे दिव्यांचा उजेड कमी होई व पुढे रस्ता हलकेच वळे. तो बोगदा, आणि ते वळण म्हणजे शिकेन. आमची मोटार तेव्हा ताशी चाळीसच्या वर जात नसे. ही नावे आम्ही दिली होती. भाच्याने फक्त पाठ केली.

१६ मे २०१० च्या मोनॅकोत सुटिल आठवा आला, त्याचा सहकारी लिउझी नववा. दोन्ही गाड्या गुणांत. त्याच शर्यतीत करुण चंढोक हा चेन्नईचा तरुण एका स्पॅनिश संघाकडून धावत होता. शेवटच्या काही फेऱ्यांत रास्कासपाशी मागून येणाऱ्या यार्नो त्रुलीची गाडी त्याच्या गाडीवर चढली, अगदी डोक्यावरून गेली. चंढोक सुखरूप बाहेर आला. भाचा टाळ्या वाजवत होता, आम्हीही. या गाड्या किती मजबूत असतात यावर आम्ही जेवताना व्याख्यान दिले. त्या मजबुतीमागे काय असते यावर दिले नाही.

जुलैत, एका पावसाळी रात्री दोन वाजता, दूरध्वनी आला. भाचा मित्राची मोटारसायकल घेऊन त्या रस्त्यावर गेला होता. दुभाजकाला धडकला होता. कोणत्या ठिकाणी, हे आम्ही न विचारताच ओळखले.

उजव्या पायाचे हाड दोन जागी मोडले, घोट्याचा सांधा पुरता कधीच बसला नाही. जीव वाचला. आमची बहीण रात्रीच्या गाडीने आली आणि रुग्णालयाच्या मार्गिकेत आमच्यासमोर उभी राहिली. "दादा, तुझ्याकडे ठेवला होता ना मी?" एवढेच म्हणाली. पत्नी तेव्हा काही बोलल्या नाहीत. आठवडाभराने, भाजी निवडताना, मान वर न करता म्हणाल्या, "नावं तुम्ही ठेवलीत." भाच्याने मात्र आम्हांला बोल लावला नाही. शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला होता, "मामा, वळण ओळखीचं वाटलं."

हे वाक्य आम्ही विसरू शकलेलो नाही. साहित्याचा मास्तर जन्मभर हेच करतो : अनोळखी गोष्टीला नाव देऊन ती ओळखीची करतो. रूपक म्हणजे दुसरे काय? 'हे' म्हणजे 'ते' असे म्हणायचे आणि दोहोंतील अंतर क्षणभर पुसून टाकायचे. कवितेत ते अंतर पुसले जाते तेव्हा आनंद होतो. पाम बीच रोड म्हणजे मोनॅको, हे आमचे रूपक. आणि ते एका एकोणीस वर्षांच्या मुलाने अक्षरशः घेतले. वर्गात अशी चूक आढळली की आम्ही लाल शाईने खूण करीत असू.

कारण दोहोंतील अंतर हाच मुद्दा होता. मोनॅकोचा रस्ता वर्षभर रस्ताच असतो. तेथे दूधवाला, शाळेची बस, म्हातारी माणसे असतात. शर्यतीसाठी तो रस्ता आधी बंद करतात. कित्येक आठवडे कठडे उभारले जातात, भुयारी गटारांची झाकणे पक्की बसवली जातात, कारण गाडीखालच्या हवेच्या ओढीने ती उचकटू शकतात. वळणावळणावर झेंडे घेतलेले कर्मचारी, आग विझवणारे, वैद्य, यारी उभ्या असतात. एका चालकाच्या धाडसामागे शेकडो माणसांची खबरदारी असते. दूरचित्रवाणी धाडस दाखवते, खबरदारी दाखवत नाही. आम्हीही तेच केले. आम्ही कठड्याचे काव्य सांगितले. कठडा कोणी व कशासाठी उभारला, हे सांगितले नाही.

*

पुढची काही वर्षे आमच्या घरात त्या संघाचा इतिहास आणि त्या पायाचा इतिहास असे दोन्ही जोडीने चालले.

२०११ च्या मे महिन्यात भाचा कुबडी सोडून काठीवर आला होता. शनिवारची पात्रता-फेरी चालू होती. साउबर संघाचा एकवीस वर्षांचा मेक्सिकन नवखा सर्गिओ पेरेझ बोगद्यातून बाहेर आला, गाडी कलली, उजव्या कठड्याला घासत घसरत गेली आणि शिकेनच्या अडथळ्यावर आडवी आदळली. तेच ठिकाण. बराच वेळ गाडीतून हालचाल दिसेना. भाच्याने उठून दूरचित्रवाणी बंद केली आणि काठी टेकत आत निघून गेला. पेरेझ वाचला, मेंदूला हादरा बसला होता. त्या रविवारी तो धावला नाही. आमच्या घरी त्या रविवारी शर्यत लागली नाही. पुढल्या वर्षीही नाही.

२०१३ साली आम्ही एकट्यानेच लावली, आवाज बारीक करून. सुटिल त्या दिवशी पाचवा आला. संघाची तोवरची मोनॅकोतील सर्वोत्तम कामगिरी. त्याने बटन आणि अलोन्सो या दोन माजी जगज्जेत्यांना मागे टाकले, आणि तेही त्या सर्वांत मंद वळणावर, जेथे कोणी कोणाला मागे टाकू शकत नाही असे म्हणतात. वेगाने नव्हे, ब्रेक कधी दाबायचा याच्या अचूक जाणिवेने. दुसऱ्यांदा हे घडले तेव्हा मागून आवाज आला, "हळू आहे म्हणून जमलं." भाचा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. कधीपासून उभा होता, आम्हांला ठाऊक नाही. बसला नाही, पण शेवटच्या फेरीपर्यंत गेलाही नाही.

२०१४ पासून पेरेझ याच संघात आला. त्या वर्षी मोनॅकोत त्याचा सहकारी निको हुल्केनबर्ग पाचवा आला. पेरेझ पहिल्याच फेरीत बाद झाला. भाचा तोवर नोकरीसाठी पुण्याला गेला होता.

मग २९ मे २०१६. पुन्हा पाऊस. सुरुवात सुरक्षा-गाडीमागून. रस्ता वाळत गेला तशी कोणते टायर केव्हा बदलायचे याची परीक्षा सुरू झाली. आघाडीवरचा रिकार्डो टायर बदलायला आला आणि टायर तयारच नव्हते. तेथे त्याची शर्यत गेली आणि हॅमिल्टन जिंकला. फोर्स इंडियाच्या लोकांनी मात्र बदलांची वेळ अचूक साधली. मोठ्या संघांच्या मानाने त्यांच्याकडे पैसा कमी. डोके आणि शिस्त एवढेच भांडवल. सातव्या जागेवरून निघालेला पेरेझ तिसरा आला. हुल्केनबर्गने अगदी शेवटच्या क्षणी रोझबर्गला गाठून सहावा क्रमांक घेतला. आठ वर्षांपूर्वी ज्या वळणावर आपले चौथे स्थान गेले, पाच वर्षांपूर्वी ज्या वळणावर पेरेझ स्वतः आडवा पडला होता, त्याच वळणातून तो त्या दिवशी ७८ वेळा गेला.

दूरध्वनी वाजला. "मामा, आपण तिसरे आलो!" पाच-सहा वर्षांनी तो शब्द ऐकला. मग थोडे थांबून म्हणाला, "तो प्रत्येक फेरीत तिथं ब्रेक मारत होता ना, मी मोजत होतो."

त्या दिवशी संघाच्या मालकाची स्थिती निराळी होती. त्यांची विमान कंपनी २०१२ साली जमिनीवर आली होती. तेथील कर्मचाऱ्यांचे पगार थकले होते. बँकांची कर्जे थकली होती. मार्च २०१६ मध्ये त्यांनी देश सोडला होता आणि एप्रिलमध्ये त्यांचे पारपत्र रद्द झाले होते. गाडीच्या नावात अजून 'इंडिया' होते, आणि नाव ठेवणाऱ्याला इंडियात येण्याचे धैर्य नव्हते. काही मित्रांनी आम्हांला टोचले : कुणाच्या बुडवलेल्या पैशावर टाळ्या वाजवता? प्रश्न रास्त होता आणि आमच्यापाशी त्याला पूर्ण उत्तर नव्हते, आजही नाही. एवढेच दिसत होते की त्या टायरच्या नटावर हात ठेवणारा सिल्वरस्टोनचा कामगार आणि पगार थकलेला इथला विमान कर्मचारी, दोघेही एकाच नावाच्या छायेत उभे होते. आणि ते नाव दोघांपैकी कोणाचेही नव्हते.

*

शेवट लवकर आला. २०१७ मध्ये गाड्यांचा जुना रंग जाऊन त्या गुलाबी झाल्या. भाच्याने कळवले : "मामा, आपली गाडी आता खाडीतल्या रोहित पक्ष्यांसारखी." मोनॅकोत त्या वर्षी एकही गुण मिळाला नाही, तरी संघ हंगामअखेर सलग दुसऱ्यांदा सर्व संघांत चौथा आला. २०१८ च्या मोनॅकोत एस्तेबान ओकोन सहावा. दोन महिन्यांनी, २७ जुलै रोजी, संघ दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेला. ती कारवाई ज्यांच्या अर्जाने झाली त्यांत खुद्द पेरेझ होता; त्याचेही पैसे अडकले होते, आणि संघ मोडीत निघण्यापेक्षा नव्या हाती जावा म्हणून हे केले, असे त्याने सांगितले. ४०५ माणसांच्या नोकऱ्या वाचल्या. नव्या मालकांकडे संघ गेला तेव्हा त्या वर्षी तोवर मिळवलेले ५९ गुण रद्द झाले. पुढल्या वर्षापासून नावातून 'इंडिया' गेले. आता ती कार्यशाळा 'ॲस्टन मार्टिन' म्हणवते.

म्हणजे ज्यामुळे आम्ही ओढले गेलो ते नाव गेले आणि माणसे उरली. २०२३ च्या मोनॅकोत फर्नांदो अलोन्सो त्याच कार्यशाळेच्या हिरव्या गाडीत दुसरा आला. आम्ही घरी एकटेच होतो. गाडीवर आपले म्हणावे असे काही नव्हते. तरी तोंडातून निघून गेले, "आपण दुसरे आलो." पत्नी आतून म्हणाल्या, "कोण आपण?"

उलटही झाले. २४ मे २०२५ रोजी बंगळुरूच्या कुश मैनी या तरुणाने मोनॅकोच्या त्याच रस्त्यांवर फॉर्म्युला टूची छोटी शर्यत जिंकली. तेथे जिंकलेला तो पहिला भारतीय. २०११ साली फोर्स इंडियाने देशभरातून होतकरू मुले शोधण्याची मोहीम काढली होती, तीत निवडलेल्या तिघांत कुशचा थोरला भाऊ अर्जुन होता आणि मुंबईचा जेहान दारुवालाही. त्यांच्यापैकी कोणी फोर्स इंडियाच्या गाडीतून शर्यतीत उतरला नाही. दारुवाला २०२२ मध्ये मोनॅकोत फॉर्म्युला टूच्या छोट्या शर्यतीत दुसरा आला, तोही परक्या संघाच्या गाडीत. नावाने पेरलेले पुष्कळदा नाव गेल्यानंतर उगवते.

*

भाच्याचा निरोप आला त्या सकाळी उत्तर न देता आम्ही चालत पाम बीच रोडवर गेलो. वय झाल्यापासून आमच्याकडे मोटार नाही. रस्त्यावर सकाळची गर्दी होती. आज त्या ठिकाणची झाडे वाढली आहेत आणि दिवेही अधिक आहेत. दुभाजक पुन्हा बांधलेला असावा. पंधरा वर्षांत त्या रस्त्यावर अनेक घरांतील मुले गेली, त्यांच्या बातम्या चार ओळींत येतात. सिग्नलला शाळेच्या गणवेशातील दोन मुली रस्ता ओलांडण्यासाठी थांबल्या होत्या. हिरवा माणूस दिसला तरी धाकटीने थोरलीचा हात धरला, दोन्हीकडे पाहिले, आणि मगच पाऊल टाकले.

आम्हांला त्या शर्यतीच्या घोषणेचा राग यायला हवा होता असे वाटले. आला नाही. आपल्या रस्त्याला कोणी कठडे घालील, झाकणे पक्की बसवील, झेंडे घेऊन माणसे उभी करील आणि तेवढ्यापुरता तो बाकीच्यांना बंद करील, तर तो एक निराळा रस्ता होईल, हे मुलांना डोळ्यांनी दिसेल. शर्यत संपल्यावर कठडे उचलले की तो पुन्हा शाळकरी मुलींचा रस्ता होतो, हेही दिसेल का, ही आमची खरी काळजी. ते दाखवण्याचे काम घरातल्या मामांचे असते. एका मामाने ते केले नव्हते.

घरी येऊन आम्ही भाच्याला लिहिले, "नावे आम्ही ठेवली होती. ती चूक होती." पंधरा वर्षे ही दोन वाक्ये आमच्याकडे पडून होती.

उत्तर लगेच आले. "माहीत आहे, मामा. पण गाडी मी चालवत होतो." मग थोड्या वेळाने आणखी एक ओळ : "रविवारी येऊ का? रस्ता बघू."

आम्ही लिहिले, "ये. चालत जाऊ."

तो हळू चालतो. आता आम्हीही.